पांढरं फडकं दिसलं की मी थांबतो

मी एक म्हातारा घोडा आहे. एके काळी माझा रंग तांबडा होता, आता तांबड्यापेक्षा पांढराच जास्त दिसतो. पुढचे दात इतके झिजलेत की गवत उपटलं तर निम्मं तोंडातून निसटून जातं. हा-लेसिबा गावच्या शाळेखाली जो उतार आहे, तिथे मी दिवसभर उभा असतो. शाळेची मुलं माझ्या पोटाखालून वाकून जातात, कारण वळसा घालायचा त्यांना कंटाळा येतो.

मित्रांनो, माझ्याबद्दल दोन गोष्टी तुमच्या कानावर आल्या असतील. एक म्हणजे मी हट्टी आहे, आणि दुसरी म्हणजे मी दारुडा आहे. पहिली खरी आहे. दुसरीबद्दल सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

माझा जन्म आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या बासुटोलँडमध्ये, वरच्या डोंगरात झाला, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं आणि गावं एकमेकांना नुसती दिसतात, पोचायला अर्धा दिवस लागतो. चार दिवसांचा होतो तेव्हा आईच्या मागून कड्याची वाट उतरलो. आमच्या डोंगरात घोड्याला पाय कुठे टाकायचा हे कुणी शिकवत नाही.

बाकीचं शिक्षण मला माझ्या पहिल्या मालकाने दिलं. त्याचं नाव रान्त्सोती. तो डोंगरातल्या लोकांची लोकर पोत्यात भरून खालच्या दुकानात पोचवायचा. मोठा आनंदी माणूस. वाटेत ज्या घराच्या उंच काठीला पांढरं फडकं दिसेल, त्या प्रत्येक घरी तो थांबायचा. त्या फडक्याचा अर्थ आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतो: ज्वारी आंबवून केलेला जोआला आज तयार आहे, या, बसा. रान्त्सोती आत जाई. घरची बाई जोआला गाळून उरलेला चोथा मूठभर आणून माझ्यापुढे धरी. कोमट, मऊ, किंचित आंबूस. पाच वर्षं हेच चाललं. फडकं, थांबणं, चोथा. इतका सोपा धडा मला पुढे शाळेतही कुणी शिकवताना दिसला नाही.

मग रान्त्सोती सोन्याच्या खाणीत कामाला निघाला आणि त्याने मला विकलं. विकताना त्याने माझे खूर दाखवले, दात दाखवले, दुडकी चाल करून दाखवली. फडक्याचं तेवढं सांगायचं राहिलं. लपवलं असं नाही. त्याच्या लेखी ती खोड नव्हतीच.

मला घेतलं ते फिलेमोन लेत्लात्सा मास्तरांनी. अंगाने काटकुळे, पाय इतके लांब की रिकिबीतून सुटले तर जमिनीला टेकतील. मिशनने त्यांना तीन गावांच्या तीन शाळा दिल्या होत्या आणि तिन्ही शाळांना मिळून मास्तर एकच. सोमवार-मंगळवार हा-लेसिबा, बुधवार-गुरुवार हा-तुमो, शुक्रवारी नदीपलीकडे हा-न्खासी. मिशनचा नियम कडक होता. जो जोआल्याला हात लावील त्याने वर्गासमोर उभं राहायचं नाही. मास्तरांनी तशी सही केली होती, आणि ती त्यांच्या मनाविरुद्ध नव्हती.

पहिल्याच सोमवारी आम्ही निघालो. हा-लेसिबाच्या अलीकडे मालेबोना नावाच्या म्हातारीचं घर लागतं. तिथे फडकं होतं. मी थांबलो.

मास्तरांनी टाच मारली, लगाम ओढला, कानात गोड बोलले. शेवटी उतरून मागून ढकलू लागले. भिंतीच्या सावलीत जोआल्याचे पेले घेऊन बसलेली माणसं शांतपणे बघत होती. त्यातल्या एकाने सरकून जागा केली.

"या की मास्तर," तो म्हणाला. "घोड्याला कळतं ते तुम्हाला कळेना होय?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात मालेबोना चोथा घेऊन आली, मी तो खाल्ला आणि आपला निघालो. पण गावाने जे बघायचं ते बघितलं होतं. नवा मास्तर पहिल्या दिवशी, सकाळच्या पारी, जोआल्याच्या दारात.

त्यांनी खूप उपाय केले. माझ्या डोळ्यांवर आपली टोपी बांधून पाहिली, तर मी वासाने थांबलो. डोंगराच्या खांद्यावरून दूरच्या वाटेने नेऊन पाहिलं, तर तिकडेही दोन घरं निघाली, त्यांना आजवर ठाऊकच नसलेली. आठवडाभराने त्यांनी माझं नाव मोएती ठेवलं. मोएती म्हणजे पाहुणा. "प्रत्येक दारी उतरतो," ते बायकोला म्हणाले, "दुसरं काय म्हणायचं याला?"

त्यांची बायको मामोलेफी, मोठ्या मुलाच्या, मोलेफीच्या, नावाने ओळखली जाणारी, फारशी बोलायची नाही. पण बोलली की ते लक्षात राहायचं.

"मोलेफीचे बाबा," ती म्हणाली, "बायका विचारत होत्या, तुम्ही रोज पिऊन येता का. मी म्हटलं, पिऊन आले असते तर घरी येऊन एवढे पाढे म्हटले नसते."

पाढ्यांचं खरं होतं. वाटभर ते पाढे म्हणायचे, माझ्या पावलांच्या तालावर. सातच्या पाढ्यात चढ लागला की अडखळायचे आणि दोष मला द्यायचे. आमचं निघणं उजाडताना व्हायचं. दऱ्या धुक्याने भरलेल्या असत. पडशीत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या बारा पाट्या, तंबाखूच्या डब्यात खडू, पुठ्ठा गेलेलं वाचनाचं पुस्तक आणि एक घंटा. घंटेच्या लोलकाला चिंधी बांधलेली असे, कारण शाळा भरायच्या आधी घंटा वाजणं मास्तरांना खोटं बोलल्यासारखं वाटायचं. दुपारच्या खाण्याला मक्याच्या घट्ट पिठल्याची थंड वडी, रानभाजी आणि वाळवलेले पीच. नदी आली की ते बूट काढून गळ्यात अडकवत आणि पाट्यांचं बोचकं डोक्यावर घेत. एकदा मी मधोमध घसरलो तेव्हा पुरात बूट वाहून गेले, पाट्या शाबूत राहिल्या. महिनाभर त्यांनी अनवाणी शिकवलं आणि मुलांना वाटलं, मिशनचा काही नवा नियम असेल.

हा-लेसिबाला तेव्हा शाळेचं घर नव्हतं. एका मोठ्या खडकाच्या पोटाखाली मुलं बसायची. पाट्या पुरायच्या नाहीत म्हणून राख पसरून बोटाने अक्षरं काढायची, आणि वारा आला की सगळ्यांचे धडे एकदम पुसले जायचे. हिवाळ्यात शाई गोठली की मास्तर दौत काखेत धरून शिकवायचे. शनिवारी ते आपल्या कपड्यांची तुटलेली बटणं शिवत. रविवारी त्यांचा एकुलता एक पांढरा शर्ट मामोलेफी निखाऱ्यांच्या इस्त्रीने कडक करी. तो घातला की मास्तर हात जपून हलवायचे.

आणि माझं थांबणं चालूच होतं. ओढून उपयोग नाही हे कळल्यावर मास्तरांनी ओढणं सोडलं. माझा चोथा खाऊन होईपर्यंत ते खोगिरावरच बसून राहायचे. आता इतका वेळ कुणाच्या दारात गप्प बसणं आमच्याकडे असभ्यपणाचं. म्हणून ते रामराम करावा तसा "लुमेला" म्हणायचे, मग घरच्यांची चौकशी, मग पिकाची. अशाच एका सकाळी मालेबोनाने ब्लँकेटच्या घडीतून एक चुरगळलेलं पत्र काढलं. खाणीत गेलेल्या तिच्या मुलाचं, लेबोनाचं. येऊन सव्वा महिना झाला होता. दुकानदाराकडून वाचून घ्यायचं तर सगळ्या दुकानाला ऐकू जाणार, म्हणून तिने ते तसंच ठेवलं होतं. मास्तरांनी खोगिरावरूनच, हळू आवाजात, वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला सांगितलं.

मग म्हणाली, "माझ्या मेल्यावर याची पत्रं कोण वाचणार?"

मास्तरांनी घरामागे बोट केलं. तिथे लेबोनाची मुलगी त्सेलेंग, नऊ वर्षांची, दगडावर ज्वारी भरडत होती. त्या मुलीला आई नव्हती आणि जोआल्याच्या घरी भरडायला हात लागतातच. म्हातारीने खूप वेळ विचार केला. पुढच्या सोमवारी त्सेलेंग खडकाखाली बसलेली होती, हाताला अजून पीठ.

असं एकेक घर. ज्या घरांकडे कुठलाच मास्तर कधी वळून बघणार नव्हता, त्या घरांपुढे मी त्यांना रोज उभं करत होतो. चार वर्षांत हा-लेसिबाला एक्केचाळीस मुलं झाली, त्यातली निम्मी फडक्याच्या घरांतली. गावाने दगड वाहिले, बायकांनी गवत कापून छप्पर शाकारलं. शाळेचं घर उभं राहिलं. राहिली ती दारं-खिडक्या, आणि त्या मिशनकडून यायच्या होत्या.

त्याऐवजी पत्र आलं. आमचे मोरुती, म्हणजे मिशनचे पाद्री, फाफोली. पोटात माया असलेला पण ओठाने कठोर माणूस. त्यांनी लिहिलं होतं की येत्या सोमवारी मी स्वतः येतो. तुम्ही वाटेवरच्या प्रत्येक जोआल्याच्या घरी थांबता असं चार ठिकाणांहून कळलं आहे. तसं असेल तर तुमची नेमणूक संपली, आणि दुसरा मास्तर मिळेपर्यंत शाळा बंद.

मास्तरांनी ते पत्र एकदाच वाचलं. दुसरा मास्तर मिळायला आमच्या डोंगरात किती वर्षं लागतात ते त्यांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्यांनी पाढे म्हटले नाहीत.

सोमवारी सकाळी हा-तुमोहून एक निरोप्या धावत आला. मोरुतींचा घोडा तिथे लंगडा झाला होता. मास्तरांनी आपला पाठवावा.

मास्तर मटकन दगडावर बसले. "म्हणजे मोरुतींना मी या मोएतीवर बसवू? मग राजीनामाच पाठवून देतो की याच्या गळ्यात बांधून."

"दुसरा घोडा आहे का आपल्याकडे?" मामोलेफीने विचारलं.

दुसरा घोडा नव्हता. आणखी एक अडचण होती. मालेबोनाच्या घरापुढे वाट फुटते. उजवी शाळेकडे चढते, डावी दुकानाकडे उतरते. पाठीवर अनोळखी स्वार असला की मी जुन्या सवयीने डावीकडे जायचो. मोरुती वाटेवर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं, पण ते शाळेऐवजी दुकानात पोचले असते.

"शाळेपुढे काठी उभारून तिच्यावर पांढरं काही लावलं तर फाट्यावरून दिसेल त्याला," मास्तर म्हणाले. "निदान शाळेत तरी येईल. पांढरं फडकं आहे का घरात?"

मामोलेफीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "एकच आहे," ती म्हणाली. "ते तुमच्या अंगात आहे."

घाईत दोघांनाही सुचलं नाही, की ते फडकं वाचणारा मी एकटाच नव्हतो.

निरोप्या मला घेऊन हा-तुमोला निघाला. त्याची माझ्या थांबण्याला काहीच हरकत नव्हती. आमचं फार छान जमलं. येताना पाठीवर मोरुती फाफोली होते. अंगाने भारदस्त, काळा कोट, हातात वेताची छडी. पहिल्या दोन घरांशी मी थांबलो तेव्हा त्यांना वाटलं, घोडा दमला असेल. तिसरं घर मालेबोनाचं. तिथे त्यांनी छडी मारली. मित्रांनो, छडी लागते. पण मी हललो नाही.

मालेबोना खाली मान घालून चोथा घेऊन बाहेर आली आणि वर न बघताच बोलू लागली. "आलात मास्तर? लेबोनाचं पत्र आलंय, वाचा बघू. ती सटवी शाळेत गेलीय, संध्याकाळपर्यंत कुठं थांबू मी." आणि पत्र वर केलं. मग तिने छडी बघितली, काळा कोट बघितला.

"तुमचा मास्तर इथे रोज थांबतो?" मोरुतींनी विचारलं.

"थांबतो तर."

"आत येऊन पितो?"

"आत?" म्हातारी म्हणाली. "चार वर्षं झाली, रिकिबीतून पाय काढला नाही. एकदा भर उन्हात पाणी दिलं तर तेसुद्धा हुंगून प्याला. मला राग आला होता. आणि त्या जनावराला मारू नका, मोरुती, मास्तरांनी कधी मारलं नाही. खाऊन झालं की जाईल."

मोरुतींनी छडी खाली केली. मग त्यांनी पत्रासाठी हात पुढे केला, कोटाचे खिसे चाचपले, आणि त्यांच्या लक्षात आलं की चष्मा लंगड्या घोड्याच्या पडशीत राहिला. "शाळेत चला," ते म्हणाले. "तिथे वाचता येणारं कुणी असेल तर बघू." मालेबोना ब्लँकेट आवळून आमच्या मागे निघाली.

फाट्यावर मी डावीकडे वळणार, तेवढ्यात वर शाळेच्या काठीला ते दिसलं. लखलखीत, इस्त्रीचं. वाऱ्याने त्याच्या दोन्ही बाह्या हलत होत्या. मी उजवीकडे दौडत निघालो, इतका की मोरुतींनी माझी आयाळ धरली.

पण हा-लेसिबालाही डोळे होते. शाळेवर फडकं! शाळेने जोआला केला, आणि तोही सोमवारी! आम्ही अंगणात पोचलो तेव्हा अर्धं गाव तिथे होतं, कुणाच्या हातात पेला, कुणाच्या डोक्यावर मडकं. जे लोक चार वर्षांत एकदाही शाळेच्या पायरीपाशी आले नव्हते, ते सगळे. मास्तर दारात उभे होते, भर उन्हात कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

एका म्हाताऱ्याने मडकं पुढे करून नम्रपणे विचारलं, "मास्तर, वाढायला कधी घेताय?"

मोरुती खाली उतरले. त्यांनी मडकी बघितली, मास्तरांकडे बघितलं. "लेत्लात्सा," ते म्हणाले, "तुमचा शर्ट कुठे आहे?"

मास्तरांनी वर बोट दाखवलं.

मोरुतींनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी काठीखाली उभा होतो, चोथ्याची वाट बघत. त्यांच्या मिशा हलल्याचं मी जवळून बघितलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना मडक्यांसकट खाली बसायला सांगितलं. मग पत्र वर धरून विचारलं, हे कोण वाचेल.

त्सेलेंग उठली. आपल्याच बापाचं पत्र आहे हे तिला वाचायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. ती हळू, पण न अडखळता वाचत गेली:

"आई, मी बरा आहे. मागचं पत्र कुणी लिहिलं? मास्तरांचं अक्षर मी ओळखतो, हे त्यांचं नाही. खाली नाव आहे, त्सेलेंग. मला तेवढं एकच नाव वाचता येतं. मागच्या खेपेला घरून निघताना मास्तरांकडून दाखवून घेतलं होतं. ज्याच्याकडून हे लिहून घेतोय, त्याने तुझं पत्र मला चार वेळा वाचून दाखवलं. ते मी उशाखाली ठेवलंय. इथे सगळ्यांना सांगितलं, माझी पोर लिहिते..."

तिथे ती थांबली. पुढे एक ओळ होती, ती तिने मनात वाचली आणि पत्र आजीच्या हातात दिलं. मडकं घेऊन आलेल्या म्हाताऱ्याने मडकं हळूच पायामागे सरकवलं. मग एका कोपऱ्यातून एका बाईने विचारलं, माझ्या दोन मुली आहेत, त्यांना कितव्या वर्षी घेता.

जाण्याआधी मोरुतींनी शाळेची वही मागवून शेरा लिहिला. चष्मा नव्हता म्हणून अक्षरं बोरांएवढी आली. ती वही अजून आहे. त्यात लिहिलंय: "मास्तर पीत नाहीत. घोडा पितो. घोडा बदलू नये."

आता मी पीत नाही, खातो. पण मोरुतींच्या शेऱ्याला घोड्याने काय हरकत घ्यायची? दारुडा हे नाव मला तिथून चिकटलं.

महिन्याभरात दारं-खिडक्या आल्या. गावच्या बायकांनी मिळून मास्तरांना नवा शर्ट शिवून दिला आणि जुना काठीवरच राहिला. पाऊस, बर्फ, ऊन खाऊन तो राखेच्या रंगाचा झाला तरी मास्तर त्याला उतरवू देत नसत. "मोएतीला शाळा सापडली पाहिजे," म्हणायचे. पुढे पुढे त्यांनाच दूरचं नीट दिसेनासं झालं, तेव्हा लगाम सैल सोडून ते माझ्यावर पाढे म्हणत बसायचे आणि मी बरोबर पोचवायचो.

मग साहेबांची मोठी लढाई संपली त्या वर्षी, १९१८ साली, साथीचा तो ताप आला. आमच्या डोंगरात कुणाच्याच घरी जोआला झाला नाही. सगळ्या काठ्या रिकाम्या. फक्त शाळेवर तो शर्ट होता. मास्तर घरोघर जात, खाणीतल्या मुलांना पत्रं लिहून देत. कसली पत्रं ते तुम्ही ओळखलं असेल. फडकी नव्हती, तरी मी प्रत्येक दाराशी थांबायचो आणि ते उतरायचे. आता ते रिकिबीतून पाय काढून आत जायचे. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच अंथरुणाला खिळले. मामोलेफीने काठीवरचा शर्ट उतरवून त्याच्या पट्ट्या फाडल्या, गार पाण्यात भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवायला. घरात तेवढंच मऊ कापड उरलं होतं. पाचव्या दिवशी मास्तर गेले.

आता शाळेच्या काठीवर काही नसतं. तरी तिथून नेलं की मी त्या काठीखाली थांबतो. नवी मुलं लगाम धरून ओढतात, मागून ढकलतात.

"ओढू नका रे त्याला," आतून बाई सांगतात. "त्याला माहीत आहे शाळा कुठे आहे." या बाई म्हणजे त्सेलेंग. पाढे शिकवताना सातच्या पाढ्यावर तीही जरा अडखळते. मला वाटतं, मुद्दाम.

मित्रांनो, म्हातारं जनावर वाटेत अडलं तर लगेच छडी उगारू नका. एकदा खाली उतरा. कुणाच्या दारात उभं आहे ते बघा, आतल्या माणसाला हाक मारा, घरात किती जण आहेत ते विचारा. तोवर जनावराचं खाणं होईल आणि ते आपलं आपण चालू लागेल.

आणि कधी हा-लेसिबाला आलात, तर मूठभर चोथा घेऊन या. मऊ असू द्या. दात राहिले नाहीत.